मिल्काबाईच्या स्वेटरची वीतभर बाही

हिंगोली स्टेशनाच्या मागे रेल्वेची पाच खोल्यांची चाळ होती. तिच्या टोकाच्या खोलीत मिल्काबाई वाकरूळकर राहायची. ही बाई नेमकी कोण, हे गावाला वीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. नऊवारी नेसते म्हणून हिंदू म्हणावं, तर घरात देव्हारा नाही. देव्हारा नाही म्हणून मुसलमान म्हणावं, तर नमाज नाही की रोजा नाही. मग ख्रिस्तीच असणार, अशी खात्री धरून मिशनची एक मडम मोठ्या उत्साहानं चाळीत आली होती. मिल्काबाईनं तिला चहा पाजला, शेवेची बशी पुढं केली आणि "आम्ही तुमच्या आधीचे" एवढंच सांगून दारापर्यंत पोचवलं. मडम पुन्हा आली नाही.

शेवटी गावानं आपल्या परीनं निकाल लावला. ही बाई शनिवारी चूल पेटवत नाही, सुई धरत नाही, केरसुणीला हात लावत नाही. म्हणून ती शनवारवाली बाई. मिल्काबाईला याचं काही वाटलं नाही. कोकणात तिच्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून त्यांना लोक शनिवार तेली म्हणत. एवढ्या लांब येऊनही बिरूद तेच राहिलं होतं, फक्त त्यातलं तेल गेलं होतं.

ती बेने इस्राएल होती. म्हणजे यहुदी, पण ज्यांची आडनावं कुलाब्याकडच्या खेड्यांवरून पडली आणि ज्यांच्या सणाला पुरणपोळी होते, असे यहुदी. नवरा इसाजी निजामच्या रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. पूर्णेहून येणारी छोटी गाडी जिथं संपते तिथं, हिंगोलीला, त्याची बदली झाली. "रूळच संपले, आता पुढं कुठं पाठवणार?" असं म्हणून तो बायकोला घेऊन आला आणि एक्केचाळीस साली तापानं गेला. गावात त्यांच्या लोकांचं दफनस्थान नव्हतं. जुन्या छावणीतल्या गोऱ्यांच्या कबरस्तानात, कुंपणाला लागून, त्याला जागा मिळाली. "जन्मभर साहेबांच्या गाड्यांना झेंडी दाखवली, आता त्यांच्या शेजारी झोपलाय," असं मिल्काबाई हसत सांगायची. पण सांगून झालं की लगेच काहीतरी निवडायला घ्यायची.

राहिला एकुलता एक मुलगा. त्याचं नाव दाविद ठेवलं होतं. रेल्वेत बापाच्या जागी लागला तेव्हा मुनशीनं उर्दूत दाऊद लिहिलं, आणि तेव्हापासून तो दाऊद इसाजी वाकरूळकर झाला. नाव ऐकलं की मुसलमान, आडनाव ऐकलं की हिंदू, आणि सगळं एका दमात ऐकलं की ऐकणाऱ्याची मान वाकडी. एरवी यावर चाळीत विनोद व्हायचे. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर विनोद बंद झाले.

झालं असं, की दाऊद ड्यूटीवरून परत येत होता. मधल्या एका स्टेशनावर खाकी कपड्यांतल्या रझाकार पोरांनी त्याला उतरवलं. नाव विचारलं; 'दाऊद' ऐकून पाठ थोपटली; मग आडनाव ऐकलं आणि त्याच हातानं थोबाडीत मारली. गाडी निघून गेली. दाऊद रुळांच्या कडेनं चालत निघाला, तर दोन कोसांवर कुऱ्हाडीवाले दुसरे लोक भेटले. हे उलट्या बाजूचे. त्यांनी आडनाव ऐकून पाणी पाजलं. मग एकाला शंका आली. त्यांनी नावावर विश्वास ठेवला नाही, सुंता पाहिली; ती यहुद्यांतही होते हे त्यांना कुठलं माहीत? शेजारच्या खोलीतला गँगमन संतराम तेवढ्यात ट्रॉलीवरून आला म्हणून बरं. त्यानं "अरे, हे आमच्या इसाजीबाबाचं लेकरू हाय, सोडा त्याला!" अशी बोंब ठोकली आणि पोराला घरी आणलं.

दाऊद दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होता. मिल्काबाईनं काय झालं ते संतरामच्या बायकोकडून, मंजुळाबाईकडून, काढून घेतलं. तिनं रडून घेतलं नाही, मुंबईच्या भावाला पत्रही लिहिलं नाही. भावाचं उत्तर तिला पाठ होतं: "निघून ये." पण पोराची नोकरी इथं होती, आणि कुंपणाशी झोपलेला माणूसही इथं होता. ती विचार करत बसली. विचार करून तिनं जे ठरवलं ते फक्त मिल्काबाईच ठरवू जाणे: पोराला स्वेटर विणायचा.

हिंगोलीत थंडी असते ती तीन आठवडे, तीही पहाटे. बाकीचं वर्ष माणसं उकाड्याला शिव्या देतात. त्यामुळं चांदबी पहिल्यांदा हसलीच. चांदबी म्हणजे टांगेवाल्या दस्तगीरची बायको; चाळीच्या मागंच त्यांचं घर होतं. लढाईच्या दिवसांत रेल्वेच्या मोठ्या साहेबाच्या बायकोनं चाळीत खाकी लोकर वाटली होती, शिपायांसाठी मफलर विणायला. अलिबागच्या शाळेत शिकलेली मिल्काबाई तेव्हा साऱ्यांची मास्तरीण झाली होती. चांदबीला सुलट टाका आला, उलटा कधीच आला नाही, आणि विणकाम बंद कसं करायचं हे तर तिनं ऐकूनच घेतलं नाही. त्यामुळं तिचा मफलर अकरा हात झाला. तो कुठल्या शिपायाला मिळाला आणि त्यानं त्याचं काय केलं, हे सरकारनं शेवटपर्यंत कळवलं नाही.

"भाबी, पोराला मार लागला गालाला, आन तुमी झाकून राहिल्या छाती!" चांदबी म्हणाली.

"झाकत नाही," मिल्काबाई म्हणाली. "लिहिते आहे. तो कोण, ते त्याच्या छातीवर लिहिते. विचारायची गरजच नको."

निळी लोकर इसाजीच्या जुन्या स्वेटरातून निघाली. तो उसवताना ती एकदाही थांबली नाही. धागा ओढत गेली आणि गुंडाळत गेली, जणू तो स्वेटर दुसऱ्याच कुणाचा होता. पांढऱ्या लोकरीसाठी बाजारात काही मिळेना, तेव्हा नरसीकडच्या लखमा धनगराकडून मेंढीची लोकर आणून टकळीवर कातली. ती घोंगडीची लोकर, खाजेची. दाऊदनं हात लावून पाहिला आणि म्हणाला, "आई, हे अंगात घातल्यावर मला मारायला दुसरं कुणी लागणार न्हाई."

आता तारा. त्यांच्या मुंबईच्या प्रार्थनाघराकडून, सिनेगॉगकडून, येणाऱ्या कॅलेंडरवर सहा टोकांचा तारा होता: एक त्रिकोण सरळ, त्यावर एक उलटा. मिल्काबाईनं शाळेच्या वहीतल्या चौकटींत तो मोजून काढला आणि चौकटीमागं एक टाका असा विणला. पण विणीतला टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. त्यामुळं आठ दिवसांनी छातीवर जे उमटलं ते वरून पाय दिलेल्या बेडकासारखं दिसत होतं.

"बाई, हे काय मांडलंय?" मंजुळाबाईनं विचारलं.

"आमचं निशाण आहे."

"बेंडूक?"

मिल्काबाईनं ते सारं उसवलं. दर तीन ओळींमागं एक ओळ वाढवून पुन्हा विणलं. या खेपेला तारा ताठ उभा राहिला, सहाही टोकं जिथल्या तिथं. मिल्काबाईनं तो दारातल्या दोरीवर टांगला आणि शेजारणींना हाक मारली. परीक्षाच होती ती. पोराचा जीव ज्यावर टांगायचा ते लोकांना वाचता येतं की नाही, हे पाहायला हवं होतं.

चांदबीनं पाहिलं आणि डोळ्यांना हात लावले. "ये तो सुलेमान पैगंबराची मोहर हाय! आमच्या दर्ग्याच्या जाळीत हायेच की. भाबी, तुमी आमच्यातल्या हायेत हे काहून लपवलं इतके दिवस?"

"काहीतरीच तुझं!" मंजुळाबाई मधे पडली. "मोहर कशाची? हे यंत्र हाय. माझ्या बापाच्या ताईतात अस्संच हाय, मधे फक्त अक्षर हाय. मी तर म्हणतच व्हते, बाई नऊवारी नेसती, ती का उगं?"

दोघी तिथंच भांडल्या, आणि दोघींनीही मिल्काबाईला आपल्या बाजूला ओढलं. वीस वर्षांत तिला इतका मान कधी मिळाला नव्हता. दाऊद उंबऱ्यात बसून ऐकत होता. दोघी गेल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? एकीनं एक वाचलं, दुसरीनं दुसरं. आपलं कुणीच वाचलं न्हाई."

मिल्काबाई स्वेटर उतरवून घेत राहिली, उगाच दोन-तीनदा झटकत राहिली. एवढं सारं विणून पोराच्या छातीवर तिनं नेमकं काय लिहिलं होतं? ज्याला जे पाहिजे ते. आणि ज्याला जे नको तेही. पण दुसरा उपाय सुचत नव्हता. सुचत नाही तोवर हात चालू ठेवावेत, या तिच्या स्वभावाप्रमाणं तिनं बाह्या विणायला घेतल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला: दाऊदनं रविवारी सकाळी वसमत स्टेशनावर कामाला हजर व्हावं. म्हणजे शनिवारची दुपारची गाडी धरणं आलं, दुसरी गाडी नव्हती. हुकूम आला गुरुवारी. उजवी बाही झाली होती. डावी खांद्यापासून कोपरापर्यंत आली होती.

गुरुवारी आणि शुक्रवारी मिल्काबाईनं जे विणलं त्याला विणणं म्हणू नये. सुयांचा आवाज चांदबीच्या घरापर्यंत जात होता. एकीकडं शनिवारचं जेवण शुक्रवारीच करून ठेवायचं, म्हणून चुलीवर रस्सा, मांडीवर बाही. रस्सा तळाशी लागला. दाऊदची ट्रंक मंजुळाबाईनं भरली आणि तिनं गंजीफ्रॉकांत लिंबाचं लोणचं ठेवलं. सूर्य छावणीच्या झाडांमागं उतरला, तेव्हा मनगटापर्यंत पोचायला वीतभर बाही उरली होती. मिल्काबाईनं ओळ संपवली आणि सुया पाटावर ठेवल्या.

चांदबी दारात उभी होती. "ठेवल्या काहून? अजून उजेड हाय."

"सूर्य गेला. आमचा शनिवार लागला."

"आगं पण, अर्धा घंटा! तुमचा अल्ला काय घड्याळ लावून बसलाय?"

"लावून बसलाय," मिल्काबाई म्हणाली. तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, काचेच्या पेल्यात तेलाच्या दोन वाती आधीच लावल्या होत्या त्यांच्यासमोर उभी राहिली आणि डोळ्यांवर हात ठेवून 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना म्हणाली. रोजच्यापेक्षा सावकाश म्हणाली.

दाऊद जेवता जेवता म्हणाला, "बाबा तीस वर्षं शनिवारी झेंडी दाखवत होते. मी उद्या गाडीत बसणार. तेव्हा चालतं, आन वीतभर बाहीला चालत न्हाई?"

"तुझ्या बाबांना सरकारनं करायला लावलं. तुलाही सरकारच लावतंय. ही बाही मला कोण लावतंय? मीच. आणि अरे, त्या ताऱ्याखाली शनिवारी विणलेली बाही जोडली, तर तारा खोटाच की."

"मग मी एका बाहीनं जातो."

"जा."

जा म्हणाली खरी, पण स्वतःचं ताट तसंच बाजूला सारलं. अर्ध्या स्वेटरात पोरगा गेला तर हसं होईल, आणि स्वेटराविना गेला तर मागच्यासारखं होईल. शनिवारी सकाळी ती पाटाजवळ बसून त्या वीतभर मोकळ्या जागेकडं पाहत होती, आणि हात पदरात गुंडाळून ठेवले होते. मोकळे सोडले तर ते आपणहून सुया उचलतील, याची तिला भीती होती.

आठाच्या सुमारास चांदबी आली. तिनं बाहीकडं पाहिलं, मिल्काबाईच्या गुंडाळलेल्या हातांकडं पाहिलं.

"मला सांगा, मी करते."

"सांगू शकत नाही. दुसऱ्याला काम सांगणं म्हणजे आपणच करणं."

"मग नका सांगू. मला डोळे हायेत." चांदबी मांडी घालून बसली आणि तिनं सुया उचलल्या.

पुढचे तीन तास मिल्काबाईनं जे भोगलं ते कुठल्या वैऱ्यानं भोगू नये. चांदबीला येत होता फक्त सुलट टाका, आणि मागूनपुढून सुलटच विणलं की सपाट वीण न होता खडबडीत पट्ट्या पडतात. वरची बाही काचेसारखी गुळगुळीत होती, आणि सुया थांबल्या होत्या नेमक्या त्या ओळीपासून खाली नांगरलेलं शेत. शिवाय मनगटाकडं टाके कमी करायचे असतात, हे चांदबीच्या गावीच नव्हतं. मिल्काबाईला सांगता येत नव्हतं. सांगणं म्हणजे काम.

"लढाईच्या वेळी," ती छताकडं पाहत म्हणाली, "मनगटाशी आले की मी दोन-दोन टाके एकत्र घ्यायची. अशी आपली सहज आठवण झाली."

"व्हय? आन लोकर वाटणाऱ्या त्या मडमेची टोपी आठवते का तुमाला?" चांदबी म्हणाली आणि सुलट विणत राहिली.

बंद करणं तिला अजूनही येत नव्हतं. तिनं सुई-दोरा घेऊन सारे टाके दोऱ्यात ओवले, तीन गाठी मारल्या आणि दातानं दोरा तोडला. बाही शिवली मात्र सुरेख. दाऊदनं स्वेटर घातला. उजवं मनगट आवळलेलं, डावीकडून कोंबडी आत शिरेल एवढी मोकळी जागा. चाळीतली पोरं खो खो हसली. मिल्काबाईनं त्याला वळवून वळवून पाहिलं आणि म्हणाली, "चल. उशीर होतोय."

ती त्याला पोचवायला फलाटावर गेली. स्टेशन दारातच होतं, तेवढं चालायला हरकत नव्हती. गाडी उभी होती. आणि फलाटाच्या दारात ते उभे होते: खाकी कपड्यांतली सात-आठ पोरं, हातांत काठ्या, एकाजवळ बंदूक. त्यांच्याबरोबर पांढऱ्या दाढीचे एक वडीलधारे गृहस्थ खुर्चीवर बसले होते.

"नाम?"

"दाऊद."

"पूरा बोल."

"दाऊद इसाजी वाकरूळकर."

"ये क्या है? आधा इधर का, आधा उधर का?" एका पोरानं काठीचं टोक ताऱ्यावर ठेवलं. "और ये?"

दाऊदनं एकदा आईकडं पाहिलं. मग म्हणाला, "मैं यहूदी हूं."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. हा प्रकार त्यांना कुणी शिकवला नव्हता. "वो किधर के होते? अपने में के उनमें?" एकानं विचारलं. कुणाला सांगता येईना. मग ते वडीलधारे गृहस्थ खुर्चीतून उठले.

"यहूदी का मैंने किताब में सुना है," ते शांतपणानं म्हणाले. "यहूदी सनीचर कू काम नै करते. सफर नै करते. आग नै जलाते. बेटा, आज कौनसा दिन है?"

गाडीच्या इंजिनानं वाफ सोडली. काठीवाला पोरगा हसला, "सनीचर है. झूट बोलता है." आणि त्यानं दाऊदची कॉलर धरली.

मिल्काबाईचं हिंदी म्हणजे चाळीत चेष्टेचा विषय होता. पण त्या क्षणी तिला लाज वाटायला सवड नव्हती. ती मधे घुसली, पोराचा डावा हात धरून त्या गृहस्थांच्या नाकासमोर नेला. "साहेब, ये देखो! ये बाही देखो! इसकू सरकार भेजता, ये क्या करेगा? मेरा देखो! ये उप्पर का मैं किया. काल सूर्य डुबा, मैं सुया ठेवल्या. यहां! ये नीचे का मेरा नहीं, ये चांदबी का है, दस्तगीर टांगेवाले की. ऐसा खराब मैं करती क्या? मैंने जिंदगी में ऐसा खराब नहीं किया!"

तिचा आवाज शेवटी फुटला. पोराच्या जिवापेक्षा वाईट विणीचा आळ आल्यासारखा. फलाटावर कुणी हसलं नाही. त्या गृहस्थांनी चष्मा चढवला. बाहीवर बोट ठेवलं आणि वरून खाली सावकाश फिरवलं: गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एका ओळीला बोट अडखळलं. ते तिथंच थांबलं.

"यहां सूरज डूबा?"

"यहां."

"बित्ताभर और करते तो बराबर दिखता."

"दिखता," मिल्काबाई म्हणाली. "पण सूर्य डुबला था."

त्यांनी चष्मा उतरवला. "छोड दो," ते पोरांना म्हणाले. काठी ताऱ्यावरून खाली आली. दाऊद डब्यात चढला. मिल्काबाई आभार मानणार तोच ते गृहस्थ तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, मैं समझा, क्योंकि आप समझाए. वसमत तक और टेशनां हैं. वहां हमारे लोगां भी हैं, दुसरे लोगां भी हैं. वहां कौन समझाएगा?"

त्यांनी धमकी दिली नव्हती. हिशेब सांगितला होता, आणि तो खरा होता. बाही एकटी बोलणार नव्हती. तारा तर मुकाच होता.

शिट्टी झाली. मिल्काबाई वाकरूळकर, जिनं हिंगोलीत आल्यापासून शनिवारी चुलीत काडी घातली नव्हती, तिनं पदर खोचला, दांडी धरली आणि चालू लागलेल्या गाडीत चढली.

"भाबी!" चांदबी फलाटावरून ओरडली. "घर उघडं हाय!"

"मग लाव की!" मिल्काबाई ओरडली. दोन मैल गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की शनिवारी प्रवास केला तो केलाच, वर दुसऱ्याला काम सांगितलं.

दाऊद तिच्याकडं बघत होता. "आई, आता कुणी अडवलं तर काय सांगशील? तू शनिवार पाळतेस म्हणून? गाडीत बसून?"

खरंच होतं. ज्या पुराव्यावर पोरगा सुटला तो पुरावा तिनं स्वतःच्या पायांनी मोडला होता. तिला त्या ताऱ्याकडं बघवेना. ती खिडकीबाहेर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या बघत राहिली, आणि इसाजी गेल्यापासून जे रडणं आवरून धरलं होतं ते तिथं, डब्यातल्या परक्या माणसांसमोर, आलं.

पहिलं स्टेशन आलं. काठ्या घेतलेले लोक डब्याडब्यात डोकावत येत होते. मिल्काबाईनं डोळे पुसले. सांगायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून जे तोंडात आलं ते तिनं सुरू केलं. "रस्सा का नाही खाल्लास सकाळी? लागला होता म्हणून? विष होतं का त्यात? आणि खाजवू नकोस! दीड महिना डोळे फोडले मी, आणि हा माकडासारखा खाजवतोय! बापही असाच, कशाची किंमत नाही..." खिडकीत आलेला माणूस अर्धा क्षण थांबला. दाऊदची खाली घातलेली मान पाहिली, त्याला आपल्या घरचं काही आठवलं असावं, आणि तो पुढच्या डब्याकडं गेला.

वसमतपर्यंत प्रत्येक स्टेशनावर मिल्काबाईनं पोराला असंच झोडपलं. त्याचं बालपण संपलं तेव्हा विषय मावशीच्या लग्नावर गेला. नाव कुणीच विचारलं नाही. वसमतला उतरली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि दाऊदचे कान लाल झाले होते.

रविवारी सकाळी हिंगोलीकडं जाणारी गाडी आली. दाऊद फलाटावरून धावत खोलीत आला. स्टेशनामागं त्याला एक खोली मिळाली होती. तिला खिडकी होती, पण खिडकीला झडप नव्हती. मिल्काबाई तिचा केर काढत होती.

"आई, गाडी लागली."

"दिसते आहे."

"तुझं घर तिकडं हाय. भांडीकुंडी, सगळं. बाबा तिकडं हायेत."

केरसुणी थांबली. मग पुन्हा चालू लागली. "बाबांना कुणी नाव विचारत नाही," ती म्हणाली. "ती बादली दे इकडं."

गाडी सुटली. संध्याकाळी गार्डाबरोबर तिनं चांदबीला निरोप धाडला: काचेचे पेले, कढई, सुया, अंथरुणं पाठव; कुंपणाशी महिन्यातून एकदा जाऊन ये. चांदबीनं सारं पाठवलं, आणि निरोपाला उत्तर दिलं, की जाऊन येते, पण तुमच्यात तिथं जाऊन काय म्हणायचं असतं ते कळवा, मी आपली माझंच म्हणून येते.

त्या वर्षी मिल्काबाई वसमत स्टेशनाच्या बाकावर बसायची, गाडीच्या वेळेला, रोज. शनिवारी हात रिकामे. पोराला दोनदा अडवलं, दोनदा ती बाकावरून उठून ओरडत गेली. एकदा ती पोचायच्या आत त्याचा दात गेला. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि विचारणारे बदलले. प्रश्न तोच राहिला. ऑक्टोबरात नवे अधिकारी याद्या करत आले, सरकारी नोकरांत कोण कोण आहे ते लिहून घ्यायला. टेबलामागच्या माणसानं यादीतल्या नावावर पेन्सिल ठेवली आणि मान वर केली. "दाऊद? आणि वाकरूळकर? हिंदू का मुसलमान, एक काय ते सांग."

मिल्काबाई बाकावरून उठली. पदर खोचला. पण दाऊदनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं पलीकडची खुर्ची ओढली आणि त्या माणसासमोर बसला.

"लिहायला वेळ लागंल, साहेब," तो म्हणाला. "पेन्सिल खाली ठेवा. माझ्या आईचे आजोबा तेली होते, तिथून सुरू करतो."

मिल्काबाई तशीच उभी राहिली. मग खाली बसली.